नव्या तांदळाचं पाणी

खोपटच्या एसटी डेपोमागच्या औदुंबर सोसायटीत एकवेळ लिफ्ट बंद पडलेली चालेल, पण सरोजताईंच्या शब्दाला कुणी आडवं गेलेलं चालत नसे. ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत पस्तीस वर्षं काढलेली बाई. बाई रिटायर झाली, आवाज काही झाला नाही. आणि स्वयंपाकात, त्यातून भातात, तर त्यांनी ब्रह्मदेवाचंही ऐकलं नसतं.

सोसायटीच्या गेटपाशी नंदाला बसवलं तेही त्यांनीच. नंदा मुरबाडकडची. नवरा पोपट, दीड एकर शेत आणि एक म्हैस. दर गुरुवारी सकाळच्या एसटीने खोपटला उतरायची. टोपलीत वालाच्या शेंगा, मुळा, माठ, काटेरी देठाची गावठी वांगी. चार वर्षं झाली, सरोजताईंनी दुसऱ्या कुणाकडून वांगं घेतलेलं नाही.

दिवाळीनंतर एका गुरुवारी नंदाने पदरात बांधून आणलेले मूठभर तांदूळ त्यांच्या हातावर ठेवले. बारीक, थोडेसे मळकट, आणि वास असा की सरोजताईंनी मूठ पुन्हा पुन्हा नाकाशी धरली.

"आमची झिनी हाय, बाई," नंदा म्हणाली. "सासऱ्याच्या बापापासनंचं बियाणं. यंदा शेवटची. उतारा कमी येतो, यापारी नाक मुरडतो. ह्यांचं म्हनणं, बियाण्याला ठेवलंय ते पन भरडून टाकू आन् पुढल्या साली दुकानातलं पेरू."

"आणि मग पुन्हा हवं झालं तर?"

"कुठनं आणायचं? आमच्या वाडीत आता आमच्याकडंच हाय."

हातावर हात ठेवून बसणाऱ्या सरोजताई नव्हेत. त्यांनी तिथल्या तिथे बेत ठरवला. दत्तजयंतीला सोसायटीचा महाप्रसाद असतो. त्या दिवशी हाच भात सगळ्यांच्या पानात वाढायचा. लोकांनी चव घेतली की लगेच यादी फिरवायची, ज्याला वर्षाचा तांदूळ हवा त्याने नाव लिहायचं. पंचवीस घरं जरी मिळाली तरी पोपटला व्यापाऱ्याच्या दारात जायला नको.

सेक्रेटरी गुरुदत्तने तोंड वाकडं केलं. तो सगळं मोबाइलवर मागवणारा गडी. त्याच्या तांदळाच्या पिशवीवर हिरव्यागार शेताचं चित्र असे, आणि त्या तांदळाचा शेताशी तेवढाच काय तो संबंध. "काकू, प्रसादाला रिस्क नको," तो म्हणाला.

"जबाबदारी माझी," सरोजताई म्हणाल्या, आणि विषय संपला.

दत्तजयंतीच्या दुपारी नंदा वीस किलो तांदूळ घेऊन आली. पोतं उतरवता उतरवता म्हणाली, "बाई, भात नवा हाय. पानी हात आखडून घाला."

"मला भात शिकवतेस का गं?" सरोजताई हसल्या, आणि दत्ताचा गजर लावायला वर गेल्या. नंदाही हसली. मोठ्या माणसाला दोनदा सांगू नये, अशी तिच्याकडची रीत.

त्या खाली आल्या तेव्हा टेंभी नाक्याहून आलेले बाळ आचारी मोठं पातेलं चढवत होते. "ताई, पाणी किती?" त्यांनी विचारलं.

"नेहमीसारखं, एकाला दोन," सरोजताई बोलून गेल्या. चाळीस वर्षं दुकानातला जुना तांदूळ शिजवलेला हात. नवा तांदूळ तेवढं पाणी पीतच नाही, हे त्यांनी आईच्या घरी पाहिलेलं होतं. पण बघा, माणसाला जे येतं त्याचाच त्याला ताठा होतो, आणि तिथेच ते घसरतं.

सूर्यास्ताला पाळणा झाला, सुंठवडा वाटला. पंगत बसली. बाळ आचाऱ्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि त्यांचा चेहरा पडला. आत भात नव्हता, लगदा होता. झारा घातला की वर गोळाच यायचा.

"सांगत होतो मी," गुरुदत्त मोठ्याने म्हणाला. "गेटवरचा माल. कसली भेसळ असेल देव जाणे." पंगतीतही कुजबुज सुरू झाली. कुणीतरी पान सरकवलं. गुरुदत्त नंदाकडे वळला. "हे बघ, पुढच्या गुरुवारपासून इथे बसायचं नाही. कमिटीचा निर्णय समज."

नंदाने एकदा पातेल्यात पाहिलं. तिला एका नजरेत कळलं काय झालं ते. मग तिने सरोजताईंकडे पाहिलं, आणि ती टोपली उचलायला वाकली.

एवढ्या लोकांसमोर, ज्यांना आयुष्यभर सुनावलं त्यांच्यासमोर, सरोजताईंनी म्हणायचं की चुकलं? नंदा तर काही सांगणार नव्हती. ती निघून गेली असती आणि कुणालाच काही कळलं नसतं. हा विचार मनात आला म्हणूनच सरोजताईंना स्वतःची लाज वाटली, भाताच्या लाजेपेक्षा कितीतरी जास्त.

त्या उठल्या आणि आरतीचा माइक हातात घेतला.

"थांबा. तांदळात काही खोट नाही. नंदाने मला पाणी कमी घालायला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. बाळ आचाऱ्यांनी माझ्या सांगण्यावरून पाणी घातलं. चूक माझी आहे, एकटीची."

सरोजताई कधी चुकतात हेच सोसायटीला नवीन होतं. पहिल्या मजल्यावरचे विश्रामकाका खाकरले. "सरोज, मेतकूट आहे का घरात? आणि तूप? मग अडलंय कुठे? लहानपणी नव्या तांदळाचा असाच मऊभात खायचो आम्ही. वाढा."

कुणी मेतकूट आणलं, कुणी लोणकढं तूप. तोवर उरलेला तांदूळ सरोजताईंनी नंदापुढे ठेवला. "तू घाल पाणी. मी बघते."

नंदाने पदर खोचला. पाणी घातलं आणि तांदळावर बोट टेकवून पेर मोजलं. "हितवर. बास." सरोजताईंनी शेजारी उभ्या राहून तसंच बोट बुडवून पाहिलं.

अर्ध्या तासाने झाकण निघालं तेव्हा वास जिन्यावरून चौथ्या मजल्यापर्यंत गेला. शीत न् शीत मोकळं. मऊभात खाल्लेली मंडळी पुन्हा पानावर बसली. गुरुदत्तने दोनदा भात घेतला. दुसऱ्यांदा वाढून घेताना तो पातेल्याकडेच बघत म्हणाला, "गुरुवारी किती वाजता येतेस गं तू?"

यादी फिरली. पंचवीस नावं काही झाली नाहीत, एकोणीस झाली. विसावं गुरुदत्तच्या बायकोने लिहिलं.

नंदाची आठची गाडी होती. सरोजताई तिला सोडायला डेपोपर्यंत चालत गेल्या, यादीचा कागद तिच्या हातात देऊन म्हणाल्या, "वीसच घरं झाली. पुरतील का गं?"

नंदाने कागदाची घडी करून ती कमरेच्या पिशवीत ठेवली. मुरबाडची गाडी फलाटाला लागली होती. पायरीवर चढून तिने कंडक्टरला थांब म्हणून खूण केली, फोन काढला आणि पोपटला लावला.

"ऐकलं का? कणगीतलं बियाणं भरडायला नेऊ नका. असू दे तसंच."