विक्कीच्या वाटचे पेले

श्यामसुंदरराव आठ दिवस मुलाशी बोलले नव्हते. अक्षत चीनहून परतला तेव्हा त्याचे डोळे पिवळे झाले होते. लिव्हरला सूज आहे, असं सांगून डॉक्टरांनी वर ऐकवलं होतं, की अजून वर्षभर असाच पीत राहिला तर माझ्याकडे आणू नका. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या त्या घरात आजवर बाटली शिरली नव्हती. आता बाप मुलासमोर बसून जेवतही नव्हता.

तीन वर्षांपूर्वी ओळखीतल्या विक्की भैयाच्या फर्ममध्ये पोराला लावलं ते त्यांनीच. विक्की ग्वांगझोउहून पंपांचे सुटे भाग मागवायचा, वर्षातले सहा महिने तिथंच राहायचा, आणि तरी त्याची एकादशी चुकायची नाही. जबलपुरात असला की नर्मदेच्या आरतीला हजर. अक्षत तिथली भाषा भराभर शिकला. मग एक दिवस पुतण्या अंकुरनं मोबाइलवर फोटो आणून दाखवले. लाल उजेड, नाचणाऱ्या पोरी, टेबलभर बाटल्या आणि मधोमध उभा राहून पेला रिकामा करणारा अक्षत. श्यामसुंदररावांनी तिथल्या तिथं फोन लावून पोराला सोलून काढलं. विक्कीही त्याच शहरात राहतो, तो काहून नाही बिघडला? तो थेंबाला शिवत नाही आणि तू बार हिंडून राहिला? तिकडून एवढंच आलं, "हो बाबा."

नवव्या दिवशी दुपारी अक्षतची आई विनता त्याला वरणाचं पाणी देत होती. असं काय होतं रे त्या बारांमध्ये, असं तिनं विचारलं आणि अक्षत सांगू लागला. बाप आतल्या खोलीत होते. ऐकत होते.

संध्याकाळी ऑफिस सुटलं की तो एकटाच नव्या जागा शोधत फिरायचा, कारण विक्कीला माल देणाऱ्या कारखानदारांना मेजवानीसाठी तीच जागा दोनदा दाखवली तर ते तोंड वाकडं करायचे. नदीकाठचे बिअरबार झाले. अठ्ठाविसाव्या मजल्यावरचा क्लब झाला, जिथं गाण्याच्या दणक्यानं बरगड्या हलायच्या. सोफे टाकलेल्या बंद खोल्या, तिथं माइक घेऊन गायचं. कुठं कातडी डब्यात फासे खुळखुळवायचे आणि हरेल त्यानं प्यायचं. शहरातलं एकही देऊळ त्यानं धड पाहिलं नव्हतं, पण दोनशे बार त्याला पाठ होते. प्रत्येक ठिकाणी संडास कुठल्या बाजूला आहे, हे तो आधी बघून ठेवायचा.

"ते काहून?" विनतानं विचारलं.

"ओकायला."

तिथली रीत तशी होती. यजमानानं एकेका पाहुण्यासमोर उभं राहून पेला तळापर्यंत रिकामा करायचा, नाहीतर सौद्यात याचं मन नाही असं धरायचे. यजमान पीत नसेल तर त्याच्या माणसानं त्याच्या वतीनं प्यावं, हेही रीतीत बसायचं. विक्की भैया दोन्ही हातांनी पेला उचलायचा, हसायचा आणि अक्षतच्या हातात द्यायचा. लोक टाळ्या वाजवायचे.

श्यामसुंदरराव दारात येऊन उभे राहिले होते.

"एका बैठकीत किती?"

"आठ पाहुणे असले तर सोळा, बाबा. आठ माझे, आठ विक्की भैयाच्या वाटचे."

"मी फोनवर त्याचंच नाव घेऊन तुला बोललो. तेव्हा तोंड उघडता नाही आलं?"

"तुम्ही त्यांना फार मानता."

बाप तिथंच उंबऱ्यावर बसले. बत्तीस वर्षं त्यांनी दारूगोळ्याच्या कारखान्यात तोफगोळ्यांत बारूद भरली होती. तिथं पाळीवरचा मुकादम, चार्जमन, दारातच माणसाचं तोंड हुंगायचा, डोळे तारवटलेले दिसले तर घरी धाडायचा. मरणाशेजारच्या त्या कामातही त्यांच्या जिवाची कुणीतरी चौकशी केली होती. आणि आपण आपलं पोर कुणाच्या हाती दिलं?

रविवारी सकाळी विक्की स्वतःच आला. पांढरा कुर्ता, कपाळाला चंदन, हातात प्रसादाचा डबा. चीनमधले पाहुणे अक्षतची आठवण काढतात म्हणाला. पुढच्या महिन्यात तिकडे मोठी प्रदर्शनी आहे, पोराला पाठवा, आता हलकंच घेईल. अक्षत जमिनीकडे बघत म्हणाला, की जाईन.

"काकाजी, मैं तो छूता तक नहीं," विक्की म्हणाला. "वहाँ का धंधा ही ऐसा है."

श्यामसुंदरराव त्याच्याशी नेहमी हिंदीत बोलत. आज मराठीतच बोलले.

"तू शिवत नाहीस, कारण ते माझ्या पोराच्या गळ्यातून उतरतं. तुझी एकादशी यानं ओकून ओकून पाळली."

विक्कीला मराठीतलं सगळं समजलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. जबरदस्ती कुणी केली नव्हती, हा आपणहून पुढं यायचा, असं तो पुटपुटला. आणि व्हिसासाठी पासपोर्ट तर ऑफिसात जमा आहे, तिकीटही निघालंय.

श्यामसुंदररावांनी चपला घातल्या, गल्लीत जाऊन विक्कीच्या गाडीत पुढच्या सीटवर बसले आणि पासपोर्ट हातात येईपर्यंत उतरणार नाही असं सांगितलं. विक्कीनं आधी समजावलं, मग आवाज चढवला. माणसं जमली. काय झालं, असं जो विचारेल त्याला श्यामसुंदरराव सोळा पेल्यांचा हिशोब सांगू लागले, आठ याचे, आठ त्याचे. तिसऱ्या माणसाला सांगेपर्यंत विक्कीनं ऑफिसात फोन लावला होता.

अक्षत गाडीच्या काचेशी वाकला. "बाबा, लोक बघून राहिले. चला घरी."

"बघू दे."

पाऊण तासानं फर्मचा माणूस स्कूटरवरून पासपोर्ट घेऊन आला. श्यामसुंदररावांनी तो उघडला, फोटो नीट पाहिला आणि अक्षतच्या हातात दिला. मग ते गाडीतून खाली उतरले.

"यानंतर मी चुकलो," ते म्हणाले, "तर तिथल्या तिथं सांग. हो बाबा म्हणू नको."

अक्षतच्या ओठांवर तेच दोन शब्द आले होते. त्यानं ते गिळले आणि बापाच्या काखेत हात घालून त्यांना घराकडे नेलं.