लोण्याचा रंग

"इंग्रजीत लोहाराला म्हणतात ब्लॅकस्मिथ, म्हणजे काळा ठोक्या! काळा मी, आणि ठोकतोही मीच." लहानपणी भात्याच्या फुसफुशीतून ऐकलेला बाबांचा हा आवाज लेकीच्या कानात अजून ताजा होता.

आता ती शब्दकोशाच्या कचेरीत होती आणि नेमका तोच शब्द तिच्या वाट्याला आला होता. त्या नोंदीचं कच्चं पान घेऊन ती थेट लोहारशाळेत आली.

"बाबा, फसवलंत की मला! काळं ते लोखंड. कथिल पांढरा धातू, लोखंड काळा. आणि 'स्मिथ'मध्ये ठोकणं नाहीच. जुना अर्थ नुसता कारागीर, घडवणारा. लाकूड घडवणाराही त्यात यायचा."

"म्हणजे सुतार आमचा भाऊबंद? काय दिवस आले!"

दारात विहीर खणणारा ताटकळला होता. "काका, हसायचं नंतर. माणसं खाली उतरवायचीत."

माणसांना विहिरीत सोडायच्या पाळण्याच्या साखळीची शेवटची कडी राहिली होती. तिची दोन टोकं तापवून, ठोकून एकजीव करायची. कच्ची राहिली, तर पाळणा माणसांसकट तळाला.

"किती तापल्यावर ठोकायचं? पानात घालते," लेकीनं विचारलं.

"गाईच्या लोण्यासारखी फिकट पिवळी झाली की. लाल असताना ठोकलीस, तर वरून चिकटते, आत फट राहते." बाबांनी सांडशीनं कडी ऐरणीवर घेतली. "हे बघ, लोणी!"

तिनं पाहिलं. कडी विझत्या निखाऱ्यासारखी लाल होती.

हातोडा पडला. एकदा, दोनदा, दहादा.

"झालं," बाबा म्हणाले. विहीर खणणारा पुढे सरसावला.

"थांबा! बाबा, पुन्हा तापवा."

"मला शिकवतेस? ऐरण माझी, पाटी तुझी."

"बाई, काकांच्या कामाला नावं ठेवता?" विहीर खणणारा हसला.

ती हसली नाही. तिनं सांडशीनं कडी उचलून निखाऱ्यांत सारली, भाता ओढला. कडी उजळत गेली.

"सांगा. आत्ता कुठला रंग?"

बाबांनी आगीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, पुन्हा आगीकडे. कपाळावरचा घाम भुवयांत उतरला. भाता ओढणारा तिचा हात थांबला.

विहीर खणणाऱ्यानं साखळीचं दुसरं, थंड टोक खांद्यावर घेतलं होतं. बाबांनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"नेऊ नकोस रे, लेका. वर्ष झालं, मला रंग दिसत नाहीत. सगळं राखेसारखं. यातली एकूणएक कडी मी अंदाजानं जोडलीय."