लॅडीची नळी

“सोड!” अल्विनाने आवाज दिला.

समोरच्या बुटक्या खोलीतून नेमबाजीची नारिंगी चकती भिरभिरत निघाली. बंदुकीची नळी तिच्यामागे अचूक फिरली, आणि बार झालाच नाही. बोट चापावर होतं, पण बोटाने ऐकलं नाही. उलट कोणीतरी मागून ढकलावं तसा अल्विनाचा सगळा देह पुढे झुकला. चकती अख्खीच्या अख्खी गवतात जाऊन पडली.

“गेली,” मागच्या उंच खुर्चीवरून मर्व्हने पुकारलं. म्हातारा मर्व्ह गुण मांडायचा तेव्हा त्याच्या आवाजात दया नसायची. म्हणूनच तो अल्विनाला बरा वाटायचा. बाकीचे नेमबाज मात्र आपापल्या बुटांकडे बघू लागले होते.

अल्विना स्टेहलिक अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या एका काउंटीत खडीचे रस्ते सपाट करायचं यंत्र चालवायची. पावसाने आणि ट्रॅक्टरांनी रस्ते उखडायचे, ती ते पुन्हा खरवडून नीट करायची. काल केलेला रस्ता आज बिघडला म्हणून तिने कधी कपाळावर हात मारून घेतला नाही. लग्न केलं नव्हतं. रविवारी चर्च, मग दुपारभर क्लबावर चकत्या फोडणं, एवढीच तिची चैन. आणि त्या चैनीत ती इतकी वाकबगार होती, की राज्याच्या स्पर्धेत बायकांमध्ये दोनदा पहिली आली होती.

आता साठी जवळ आली आणि हा रोग मागे लागला. नेमबाज त्याचं नावसुद्धा मोठ्याने घेत नाहीत. वर्षानुवर्षं खांद्यावर धक्के खाऊन शरीर एक दिवस परस्पर ठरवून टाकतं, की आता बास. डोकं म्हणतं, झाड. बोट म्हणतं, नाही झाडत जा.

फेरी संपली तसा तिचा धाकटा भाऊ लॅडी कुंपणापासून पुढे आला.

“नळी घेऊन ये उद्या. घसा अजून थोडा लांबवू.”

“अजून? लॅडी, आता घसा कुठे उरलाय त्या नळीला?”

“माझं ऐक. मागच्या वेळी गुण आला होता की नाही?”

आला होता, हे खरं. काडतूस संपतं तिथे नळी एकदम अरुंद होते, ती उतरण लॅडीने लांबट करून दिली होती. त्यालाच तो घसा म्हणायचा. त्याआधी नळी आतून खरवडून जराशी रुंद केली होती, आणि नंतर तोंडाशी दोन्ही बाजूंना भोकं पाडली होती. दर वेळी अल्विना आठ-पंधरा दिवस अशी फोडायची, की चकत्यांची नुसती धूळ व्हायची. मग पुन्हा बोट रुसायचं. पण तेवढ्या दिवसांत बघणाऱ्यांनी बघून घेतलेलं असायचं. अल्विना लॅडीची नळी वापरते, म्हणून मग ज्याची त्याची नळी लॅडीच्या दुकानात.

दुकान म्हणजे बापाचा दुधाचा गोठा. लॅडी पूर्वी शेतांना पाणी देणारे फिरते फवारे दुरुस्त करायचा. एकदा उंचावरून पडून पाठ गेली, नोकरी गेली, बायको मुलाला घेऊन ओमाहाला गेली. वर्षभर तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. मग कोणा कारागिराकडे हे नळ्यांचं काम शिकला आणि उठून उभा राहिला. गोठ्याच्या दारावर त्याने स्वतः रंगवलेली पाटी होती. अल्विना त्या पाटीसमोरून गेली की तिला दर वेळी बरं वाटायचं. भाऊ परत मिळाला होता.

म्हणून त्या दिवशी कर्टिसने विचारलं तेव्हा तिला पटकन हो म्हणता येईना.

कर्टिस शाळेच्या नेमबाज संघाला शिकवायचा. क्लबाच्या स्वयंपाकघरात कॉफीचा पेला घेऊन तो तिच्याशेजारी येऊन बसला. “अल्विना, मुलांच्या सगळ्या नळ्या लॅडीकडून करून घ्यायच्या म्हणतोय. आईबापांची सभा पुढच्या रविवारी आहे. तू दोन शब्द बोल. तुझ्या शब्दावर लोक खिसा उघडतील.”

“मी काय बोलू?”

“खरं काय ते. फरक पडतो की नाही?”

खसखस भरलेला गोड पाव, कोलाची, पुढ्यात होता, तो तिने तोडला पण खाल्ला नाही. त्या मुलांचे आईबाप तिला ठाऊक होते. कोणी दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा, कोणी वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी. “रविवारी सांगते,” ती म्हणाली आणि तशीच उठून लॅडीकडे गेली.

लॅडी यंत्रावर वाकला होता. तिने यंत्राचं बटण बंद केलं.

“लॅडी, मला माहीत करून घ्यायचंय.”

“काय?”

“तुझ्या कामाने खरंच काही होतं का ते. माझ्या बंदुकीची दुसरी नळी आहे ना, तू हात न लावलेली? दोन्ही घेऊन शनिवारी क्लबाच्या मागच्या बांधावर ये. मर्व्हला बोलावते.”

लॅडीने हळूहळू चष्मा काढला. “माझी परीक्षा घेतेस?”

“माझीही आहे त्यात.”

“सगळे म्हणतात फरक पडतो. तू म्हणालीस! याच दारात उभी राहून म्हणालीस, लॅडी, लोण्यासारखी चालते.”

“म्हणाले होते. आता खात्री करायचीये.”

“आणि नाही पडला फरक, तर?”

“तर तसं सांगावं लागेल.”

लॅडीने चष्मा पुन्हा चढवला. “येतो,” तो म्हणाला. “तुझंच तोंड बंद होईल.”

शनिवारी सकाळी वारा पडला होता. मर्व्हने चौकटीला मोठाले कागद ठोकले आणि चाळीस पावलांवर रेघ मारली. दोन्ही नळ्यांचं तोंड सारखंच आवळलेलं, काडतुसं एकाच खोक्यातली. बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकवून लॅडीनेच बार काढले. मग गवतावर गुडघे टेकून, छर्ऱ्यांनी कागदाला पडलेल्या एकेका भोकावर पेन्सिलीने खूण करत मोजायला बसला. अल्विना आणि मर्व्ह लांब उभे राहिले. कोणी घाई केली नाही.

कागद संपले तसा लॅडी म्हणाला, “आणखी काढू.” तेही काढले. कधी साधी नळी दोन-चार भोकांनी पुढे, कधी लॅडीची. एकाच नळीच्या दोन बारांत जेवढा फरक, तेवढाही त्या दोन नळ्यांमध्ये नव्हता.

“छर्ऱ्यांचं सोड,” लॅडी उठत म्हणाला. त्याचे गुडघे ओले झाले होते. “धक्क्याचं बघ. धक्का तर कमी झालाच पाहिजे.”

मर्व्हने अल्विनाच्या कानांत बोळे घातले, वरून कानटोप चढवला, डोळ्यांवर रुमाल बांधला. तिला बाकावर बसवून, पिशव्यांवर ठेवलेली बंदूक तो बांधाच्या दिशेने धरून ठेवायचा, लॅडी नळ्या बदलायचा. चाप तिने ओढायचा, आणि प्रत्येक बारानंतर सांगायचं, कुठली.

“तुझी,” ती म्हणायची. “साधी. साधी. तुझी असेल.”

रुमाल सुटला तेव्हा मर्व्ह म्हणाला, “नाणं उडवलं असतं तरी इतपत जमलं असतं.”

“उडी कमी होते पण,” लॅडीचा आवाज चढला. “भोकांमुळे तोंड कमी उचलतं. मी हाताने पकडून बघितलंय!”

“होत असेल किंचित,” अल्विना म्हणाली. “तेही सांगेन. आहे तेवढं सगळं सांगेन.”

मर्व्हने टोपी मागे सारली. “आता माझं एक ऐका. अल्विना, उभी राहा आणि चकत्यांवर मार. काडतुसं मी भरून देणार. तू बघायचं नाहीस.”

ती उभी राहिली. लॅडी जाऊन चकत्या सोडू लागला. पहिली फुटली, दुसरी फुटली. तिसरीला तिने चाप ओढला, आणि बार झाला नाही. मर्व्हने काडतूस भरलंच होतं रिकामं. पण अल्विनाचा खांदा धाडकन पुढे आपटला, मान खाली गेली, नळीचं टोक जमिनीकडे झुकलं. धक्का आलाच नव्हता, आणि तिने तो खाल्ला होता.

लॅडी चकत्यांच्या खोलीपाशी उभा राहून सगळं बघत होता.

“बघितलंस?” मर्व्ह तिला हळूच म्हणाला. “बंदूक लाथ मारायच्या आधीच तू मार खाऊन मोकळी होतेस. याला नळी काय करणार?”

“म्हणजे ते आठ-पंधरा दिवस...”

“नवीन नळीवर तुझा विश्वास बसायचा. तेवढे दिवस शरीर गप्प राहायचं. मलाही एकदा नव्या टोपीने गुण आला होता.”

अल्विनाला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. ती वळली तोवर लॅडीने नळ्या गुंडाळल्या होत्या. तो जवळ येऊन उभा राहिला.

“उद्या बोलू नकोस,” तो म्हणाला. “आजारी आहे म्हण. तुला खोटं बोल असं नाही म्हणत मी. फक्त येऊ नकोस.”

“लॅडी, पोरांच्या आईबापांनी मला विचारलंय.”

“मी काय करू मग? सांग ना! परत भिंतीकडे तोंड करून पडू?”

हा प्रश्न तिने रात्रभर स्वतःलाच विचारला होता. “ते मला नाही माहीत,” ती म्हणाली. “पण या कामावर मी माझा शब्द नाही लावणार.”

रविवारी ती गेली. कागद भिंतीला लावले आणि जे घडलं ते आडपडदा न ठेवता सांगितलं. काम सफाईदार आहे, नळीला इजा नाही, तोंड किंचित कमी उचलतं. पण यामुळे कोणाच्या जास्त चकत्या फुटतील असं मला दिसलं नाही. मग सर्वांदेखत हेही सांगितलं, की माझा नेम हुकतो तो नळीमुळे नाही, भीतीमुळे. हे वाक्य म्हणताना तिला घाम फुटला. मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, “मग मुलांसाठी काय करावं?” अल्विना म्हणाली, “बंदूक अंगाला बसते का बघा. आणि सराव.” लॅडी दाराशी उभा होता. सभा संपायच्या आत तो निघून गेला.

तो उन्हाळाभर तिच्याशी बोलला नाही. चर्चमध्ये दोन बाकं सोडून बसायचा. गोठ्यावरची पाटी एक दिवस दिसेनाशी झाली, तेव्हा अल्विनाने यंत्र रस्त्याच्या कडेला थांबवलं. मग पातं खाली टेकवलं आणि कामाला लागली.

बंदूक विकायची नाही हे तिने ठरवलं होतं. उजवा खांदा ऐकत नसेल तर डावा आहे. त्याने अजून एकही धक्का खाल्लेला नव्हता. त्याला भीती कुठून असणार? तिने चष्म्याच्या उजव्या काचेला पट्टी चिकटवली, म्हणजे डावा डोळा नेम धरेल. रोज सकाळी स्वयंपाकघरात रिकामी बंदूक डाव्या खांद्याला लावायची, उतरवायची, पुन्हा लावायची. डावा हात खुळ्यासारखा वागायचा. क्लबावर ती शाळेच्या मुलांसोबत सगळ्यात सोप्या जागेवर उभी राहू लागली. पहिल्या दिवशी एकच चकती फुटली, तीही काठ उडून.

“फुटली,” मर्व्हने पुकारलं, अगदी नेहमीच्या आवाजात.

जुने नेमबाज म्हणाले, या वयात कशाला हे? हिने आता खुर्चीत बसून गुण मांडावेत. ती म्हणाली, “मर्व्ह मेल्यावर मांडेन.” वरून मर्व्ह ओरडला, “वाट बघ!”

अडचण एकच होती. बंदुकीचा दस्ता उजव्या खांद्यासाठी वळवलेला. डाव्या गालाला तो टोचायचा. तिचं जबड्याचं हाड सुजून निळं झालं. त्या निळ्या जबड्यानेच एका रविवारी ती चर्चमधून बाहेर पडत होती, तेव्हा लॅडी पायऱ्यांवर आडवा आला. त्याने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

“मूर्ख आहेस,” तो म्हणाला. उन्हाळ्यातला हा त्याचा पहिला शब्द. “बंदूक घेऊन ये.”

गोठ्यात ती कितीतरी दिवसांनी शिरत होती. नळ्यांच्या यंत्रावर मेणकापड टाकून दोरीने बांधलं होतं. घसा लांबवायची लांबलचक धारदार सळई तेल लावून, फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलेली. पुढच्या सोमवारपासून लॅडी धान्याच्या कोठारावर तोलकाट्याशी बसणार होता, हे तिला मर्व्हकडून कळलं होतं. तिने त्याबद्दल विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

बाकावर अक्रोडाच्या लाकडाचा एक नवा दस्ता होता, डावीकडे वळवलेला. माप घ्यायला तिला बोलावलं नव्हतं. तिची मान केवढी आणि हात केवढा हे त्याला पाठ होतं.

“लाव खांद्याला.”

तिने लावला. त्याने समोर उभं राहून, एक डोळा मिटून, नळीच्या वरून तिचा डोळा कुठे दिसतो ते पाहिलं.

“टोचतंय?”

“हाडाशी. जरासं.”

“खोटं नको बोलू. तुला जमत नाही ते.”

“चांगलंच टोचतंय.”

त्याने दस्ता काढून घेतला, कानस उचलली आणि गालाच्या जागेवरून हलक्या हाताने फिरवली. लाकडाची तपकिरी भुकटी त्याच्या पाठीच्या पट्ट्यावर आणि बुटांवर पडत गेली. त्याने फुंकर मारली, अंगठा फिरवला, दस्ता परत दिला.

“आता?”

तिने डोळे मिटून बंदूक खांद्याला लावली आणि मग उघडले.

“अजून थोडं.”

“आण,” लॅडी म्हणाला, आणि त्याने हात पुढे केला.