वकिलांचं स्वतःचं मृत्युपत्र

मृत्यू अटळ आहे, आणि त्याची तयारी वेळेवर करून ठेवणं हे सुजाण माणसाचं आपल्या माणसांवरचं शेवटचं प्रेम आहे.

हे वाक्य वकिलांनी स्वतः रचलं होतं, मोठ्या अक्षरांत छापून घेतलं होतं आणि ऑफिसात अशिलांच्या खुर्चीसमोर, नजर चुकवता येणार नाही अशा जागी टांगलं होतं. त्यांची स्वतःची खुर्ची त्या पाटीकडे पाठ करून होती. लोकांची मृत्युपत्रं करून देण्यात उभं आयुष्य घालवलेल्या या गृहस्थांनी स्वतःचं मृत्युपत्र केलेलं नव्हतं.

कारण साधं होतं. त्यांना भीती वाटत होती. मृत्यूची नव्हे, मृत्यूला ते धंद्यातला जुना सहकारी मानत. भीती सहीची होती. त्यांच्या घराण्यात मृत्युपत्रावर सही करून कुणी फार टिकलं नव्हतं. आजोबांनी सही केली आणि पेनाचं टोपण शोधता शोधता गेले. वडील सही करून म्हणाले, "आता निवांत झोपतो," आणि शब्दाला जागले. काकांनी तर वकिलाला नुसता निरोप धाडला; वकील जिना चढून येईपर्यंत काकांचं आटोपलं होतं. आता, आजोबा नव्वदीचे होते, वडिलांचं हृदय आधीच दोनदा संपावर गेलं होतं आणि काका त्या जिन्यापेक्षाही जुने होते, हे वकिलांना ठाऊक होतं. माणूस मरायला टेकला की वकिलाला बोलावतो, वकील आला म्हणून मरत नाही, असं ते घाबरलेल्या अशिलांना हसत हसत पटवून देत. पण पटवणं हा धंदा झाला. घाबरणं घरचं असतं.

ऑफिसात त्यांच्याइतका निर्भय माणूस नव्हता. अशील थरथरत सही करी, तो कागद वकिलांकडे येई. खाली पहिल्या साक्षीदाराच्या जागी ते स्वतः लपेटेदार सही ठोकत आणि मान वरही न करता कागद उजवीकडे सरकवत. उजवीकडे टायपिस्ट बाई बसलेल्या असत. त्या वकिलांच्या सहीखाली, दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी, आपलं नाव लिहीत. इतक्या वर्षांत या दोघांची लय अशी जमली होती, की एकदा दिवे गेले असताना त्यांनी दोन मृत्युपत्रं उरकली होती आणि एकही अक्षर रेघेबाहेर गेलं नव्हतं.

वकिलांची बायको जाऊन बराच काळ लोटला होता. मुलगा एकच. मुलगा चांगला होता, म्हणजे दूर राहत होता आणि रविवारी फोन करत होता. घरात वकील आणि त्यांची मोठी बहीण, ताई. वकिलांचं कायद्याचं शिक्षण ताईच्या शिलाई मशीनवर झालं होतं. ते पहिल्या प्रयत्नात पास झाले असते तर ताईचंही लग्न झालं असतं, असं नातेवाईक म्हणत. ताई म्हणायची, "तो नापास झाला म्हणून मी वाचले." तिचा उजवा खांदा मशीनवर वाकून वाकून कायमचा पुढे आला होता. घर वकिलांच्या नावावर होतं.

एका रविवारी मुलाचा फोन आला. वकिलांना फोनवरचं बोलणं नीट कळत नसे, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"बाबा, एवढं मोठं घर कशाला सांभाळताय? विकून टाका आणि माझ्याकडे या."

"आणि ताई?"

"आत्याला ठेवू की कुठेतरी चांगल्या ठिकाणी. हल्ली फार छान जागा असतात. बाग वगैरे असते."

ताई पलीकडे उशीच्या अभ्र्याला टीप घालत होती. मशीन थांबलं.

"तुझा मुलगा मला कुंडी समजतो का रे?" फोन बंद झाल्यावर ती म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

विषय तिथेच मिटला असता. पण त्याच आठवड्यात चपलेचा एक पाय शोधताना वकील ताईच्या पलंगाखाली वाकले आणि त्यांना एक भरलेली पिशवी दिसली. वर टॉवेल, त्याखाली दोन जोड कपडे, जुना चष्मा आणि कापड कापायची मोठी कात्री.

"ताई, ही कसली पिशवी?"

"कसली म्हणजे? माझी."

"कुठे निघालीस?"

"मी कशाला निघते? तू निघालास की मग मी निघणार." ती दोरा ओवत होती, तिने वर पाहिलंही नाही. "मागे तू चक्कर येऊन बाथरूममध्ये बसला होतास ना, त्या दिवशी भरली. तुझ्यामागे घर तो विकणार. ऐन वेळी शोधाशोध नको."

"अगं, काहीतरीच काय!"

"काहीतरीच असेल तर सांग ना, वकील आहेस. तुझ्यामागे या घरात माझं काय?"

या प्रश्नाचं उत्तर वकिलांनी इतरांच्या बहिणींना शेकड्यांनी दिलं होतं, फी घेऊन. मृत्युपत्र नसेल तर घर मुलाचं. बहिणीचं काही नाही. बहिणीची पिशवी.

"रात्री दचकून जागी होते मी," ताई म्हणाली. "मग तुझ्या खोलीशी येऊन कान देते. घोरतोयस ना, ते बघते. तू घोरलास की झोपते."

घाबरत दोघंही होती; तिच्या घाबरण्याला आवाज नव्हता, एवढाच काय तो फरक. वकिलांच्या काळजाचं पाणी झालं.

मसुदा त्यांनी स्वतः केला, आणि तो उत्तम होता. घर एका ट्रस्टमध्ये जाणार. ताई हयात असेपर्यंत तिथेच राहणार, तोवर ते कुणी विकायचं नाही, तिच्या खर्चाला वकिलांच्या ठेवींचं व्याज. तिच्यानंतर घर मुलाचं. देखरेखीला विश्वस्त म्हणून ऑफिसातले भागीदार. शेवटच्या पानावर वर मृत्युपत्र करणाऱ्याची जागा, खाली दोन साक्षीदारांच्या. आता फक्त सही उरली होती.

शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलाशी मंडळी जमली. साक्षीदार दोन: टायपिस्ट बाई आणि वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. वकिलांनी त्या दिवशी दाढी केली नव्हती. अशा दिवशी गळ्याजवळ पातं न्यायचं म्हणजे आ बैल मला मार. आपली खुर्ची त्यांनी पंख्याखालून सरकवली. मग खिडकीपासून सरकवली. मग ती भिंतीवरच्या घड्याळाखाली आली म्हणून परत सरकवली.

"वकीलसाहेब, आमच्या खुर्चीत लोक याहून शांत बसतात," डॉक्टर म्हणाले. "आणि तिथे तर मी हातात पकड घेऊन उभा असतो."

"तुमच्याकडे दात जातो, डॉक्टर."

"साहेब, घाबरताय की काय?" बाईंनी विचारलं.

"छे! मला कसली भीती," वकील म्हणाले. त्यांची बोबडी वळली होती, त्यामुळे ते "मला कशली भीती" असं ऐकू आलं.

ताई दारात उभी होती. कुणी बस म्हणालं नव्हतं म्हणून नव्हे, बसवतच नव्हतं म्हणून. तिची नजर पेनावर होती. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वकिलांना वाटलं, आता नाही केली तर मी माणूस नव्हे. शेवटचं पान त्यांनी पुढे ओढलं. कानात गुंई असा आवाज सुरू झाला. छातीत काहीतरी टेबलाच्या कडेवर आपटावं तसं आपटत होतं. डोळ्यांसमोर आजोबा आले, टोपण शोधत. वकिलांनी डोळे घट्ट मिटून घेतले, जीव मुठीत धरला, दुसऱ्या मुठीत पेन धरलं आणि सही ठोकली. मान वर न करता त्यांनी कागद उजवीकडे सरकवला.

उजवीकडे बाई होत्या. त्यांनी त्या सहीखाली आपलं नाव लिहिलं. डॉक्टरांनी पान हातात घेतलं.

"मला जागाच ठेवली नाहीत की हो," ते म्हणाले.

"लिहा हो कुठेतरी खाली!" वकील डोळे मिटूनच ओरडले. "लवकर लिहा, तुमच्यासमोर व्हायला हवं!"

डॉक्टरांनी अगदी तळाशी, समासाच्या कडेला, प्रिस्क्रिप्शनवर करतात तशी सही केली. ताईने पान न बघताच लिफाफ्यात सरकवून लिफाफा कपाटात ठेवला, कारण वकिलांना आधी पाणी देणं भाग होतं.

मंडळी गेली आणि वकील मरायची वाट बघत आडवे झाले. डाव्या हाताला मुंग्या आल्या. तो अंगाखाली दबला होता. पाय गार पडले; मोजे काढले होते. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला तरी त्यांचं अंग ताठ होई. जिन्यावर कुणाचीशी पावलं आली, आणि काकांची आठवण होऊन त्यांनी पांघरूण नाकावर ओढलं. पावलं वर गेली. डॉक्टरांचा पेशंट होता.

ताईने टोस्ट आणून दिला. "नीट चावून खा. घशात अडकून मेलास तर उगाच सहीचं नाव होईल."

"थट्टा करू नकोस, ताई. वडिलांचं आठवतंय ना?"

"आठवतंय. मीच होते जवळ. त्यांनी सही केली आणि त्यांचा चेहरा सैल पडला, बघितलायस कधी झोपलेल्या पोराचा? तसा. मरायचे ते होतेच. भ्यायचे थांबले." तिने त्यांचा पाय पांघरुणात सरकवला. "खा आता."

दुपार कलली. खोलीत उन्हाचा पट्टा पलंगावरून जमिनीवर उतरला आणि वकील अजून होते. हळूहळू त्यांच्या लक्षात येऊ लागलं की आपल्याला भूक लागली आहे, आणि मेलेल्या माणसाला ती सहसा लागत नाही. ते उठून बसले. बाहेरच्या खोलीत ताई पिशवी रिकामी करत होती. कात्री मशीनच्या खणात गेली. जुना चष्मा खिडकीत. कपडे कपाटात, टॉवेल खिळ्याला. मग तिने पिशवी साबण लावून धुतली आणि बाल्कनीत तारेवर वाळत टाकली. हे सगळं करताना ती गुणगुणत होती. ताईला गुणगुणताना वकिलांनी कधी ऐकलं होतं, ते त्यांना आठवेना.

वकिलांची छाती, जी सकाळपासून फुटायची भीती होती, ती अभिमानाने फुगली. घराण्यात सहीनंतरची संध्याकाळ बघणारा हा पहिलाच पुरुष. आपला पराक्रम एकदा डोळे उघडे ठेवून बघावा म्हणून त्यांनी कपाटातून लिफाफा काढला, चष्मा लावला आणि शेवटचं पान उलगडलं.

पानावरच्या सह्या त्यांनी वरून खाली मोजल्या, मग खालून वर. आधी, खोटं कशाला बोला, त्यांना हायसं वाटलं. मग त्यांनी बाल्कनीकडे पाहिलं.

"ताई," त्यांनी हाक मारली. आवाज पुन्हा सकाळसारखा झाला होता. "पिशवी वाळली का गं?"

"आत्ता तर टाकलीय. का रे?"

"काही नाही."

"डॉक्टरांना चहाला बोलावू का रे आज? बिचारे सकाळी नुसतेच गेले."

"बोलव," वकील म्हणाले. "बाईंनाही बोलव." आणि त्यांनी पेन शोधायला सुरुवात केली. पेन सापडलं, पण टोपण पलंगाखाली घरंगळत गेलं.

मृत्युपत्र करणाऱ्याची जागा कोरी होती. साक्षीदार मात्र तीन होते, आणि पहिली सही वकिलांची होती.