आधी मागे

छापायचं:
आमच्या वाफ-इंजिन जीर्णोद्धार मंडळाचं इंजिन यंदा स्वतःच्या वाफेवर धावलं. चालक होते सर्वांचे लाडके मामा, ज्यांचं अवघं आयुष्य इंजिनावर गेलं.

छापायचं नाही:
आयुष्य इंजिनावर गेलं हे खरं. डिझेलच्या. मामा रेल्वेत लागले तेव्हा वाफेची इंजिनं भंगारात निघाली होती.

मंडळाचा अहवाल लिहिणारी मी, आणि माझे ते सख्खे मामा. मीच त्यांना मंडळात आणलं, कारण निवृत्तीनंतर ते घरात मामीच्या मागे मागे फिरून दिवे बंद करायचे. पहिल्या रविवारी अध्यक्षांनी विचारलं, "इंजिन चालवलंय का कधी?"

"जन्म गेला," मामा म्हणाले.

कोणतं, हे कुणी विचारलं नाही. पुढे चहाबरोबर गोष्टी लागायच्या, म्हणून मामा आजोबांच्या सांगू लागले. आजोबा खरोखर वाफेच्या इंजिनात कोळसा टाकायचे. गोष्टी आजोबांच्या, मिशा मामांच्या. लोक रविवारची वाट बघू लागले, आणि मामा तर सोमवारपासूनच.

इंजिन गंजलेलं होतं तोवर काळजी नव्हती.

छापायचं:
मंडळाचा प्रत्येक निर्णय लोकशाही पद्धतीने होतो.

छापायचं नाही:
चाकांपासून वर जाणारे दांडे असतात, दोन्ही बाजूंना दोन-दोन. एक इंजिनाला पुढे नेतो, एक मागे. दिसायला जुळे. कोणता कुठला, याच्या खुणा त्यांच्यावर ठोकलेल्या होत्या. मंडळातल्या टेलरकाकांनी दांडे इतक्या प्रेमाने घासले की खुणा गेल्या.

"आरशासारखे झालेत," टेलरकाका म्हणाले.

"आरसाच लावते मग," गॅरेजवाल्या बाई म्हणाल्या. सगळी जोडणी त्यांच्याकडे. "मला एक दुपार द्या. चाकं ढकलून बघते, कळेल."

पण अध्यक्षांनी तोपर्यंत ठराव मांडला होता. ते दातांचे डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं असताना त्याचं ऐकून घ्यायची त्यांना सवय नाही. "आपल्यात अनुभवी माणूस बसलाय की. मामा, तुम्ही सांगा."

सगळे मामांकडे बघू लागले. मामांनी दांड्यांकडे बघितलं. मग छताकडे.

"मी सांगितलं तर ती हुकूमशाही होईल," मामा म्हणाले. "हात वर करा."

हात वर झाले. दांडे बहुमताने बसले.

छापायचं:
चालकांची तयारी वाखाणण्याजोगी होती.

छापायचं नाही:
इंजिन पहिल्यांदा धावणार होतं त्या सकाळी मामा स्वयंपाकघरात दोन खुर्च्यांच्या फटीत छत्री उभी करून ती चालकाच्या हातातल्या दांडीसारखी पुढे-मागे करत होते.

"घरात पाऊस पडतोय का?" मामीने विचारलं.

"दांडी पुढे की इंजिन पुढे. दांडी मागे की इंजिन मागे." मामा माझ्याकडे वळले. "बाळ, जमलं नाही तर मी पुढच्या रविवारी कुठे जाऊ?"

मी म्हटलं, सरळ सांगून टाका सगळ्यांना.

"मग या रविवारीच कुठे जाऊ?"

मामीने छत्री काढून घेतली, मिटली आणि परत त्यांच्या हातात दिली. "फटीत घट्ट बसत नाही ती. नीट धरा."

छापायचं:
सुरक्षिततेची संपूर्ण काळजी घेण्यात आली होती.

छापायचं नाही:
इंजिन पुढे जाणार, म्हणून पुढे कुणाला उभं राहू दिलं नाही. व्यासपीठ, मंडप आणि अध्यक्ष मागे, थेट रुळांवर.

अध्यक्षांचं भाषण रंगात आलं होतं. "मागे वळून बघणं आपल्याला माहीत नाही," असं ते म्हणाले तेव्हा मामांनी दांडी पुढे ढकलली आणि वाफ सोडली.

इंजिन मागे निघालं.

हळूच निघालं, हे नशीब. चुकल्या खोलीत शिरणाऱ्या पाहुण्यासारखं. अध्यक्ष माइकसकट उडी मारून बाजूला गेले. व्यासपीठ कडकडलं. मंडप इंजिनाच्या मागच्या कोळशाच्या डब्यावर नवरीच्या पदरासारखा पसरला. मामांनी ब्रेक दाबला.

मंडळाच्या इतिहासात अध्यक्षांचं भाषण पहिल्यांदाच वेळेआधी संपलं होतं.

सगळे इंजिनाकडे बघत होते. मामांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चेहरा चुन्यासारखा. मिशा मात्र जागेवर.

"आधी मागे," ते म्हणाले. "सांधे मोकळे होतात. आमच्या वेळी असंच होतं."

टेलरकाकांनी मान डोलावली. "जुनी माणसं. रीत सोडत नाहीत."

आता एकच बाजू उरली होती. मामांनी डोळे मिटून दांडी मागे ओढली, आणि इंजिन पुढे निघालं, मंडपासकट, शिट्टी वाजवत. लोक टाळ्या वाजवत बरोबर चालू लागले. अध्यक्षही. एक चप्पल घालून.

गॅरेजवाल्या बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या त्या दांडीकडे बघत होत्या.

छापायचं:
(इथे फोटो.)

छापायचं नाही:
माणसं पांगल्यावर मामा चाकाशेजारच्या फळीवर बसले होते. बाई हात पुसत आल्या.

"मामा, दांडी उलटी चालत होती."

"हो का?"

"वाफेचा ड्रायव्हर असता तर मला तिथेच शिव्या घातल्या असत्या."

मामांनी मिशांवरून हात फिरवला. मी मध्ये पडणार होते, पण बाईंनी मला नजरेनेच खाली बसवलं.

"दांडे उलटे बसलेत," त्या म्हणाल्या. "बसवले मी. मला शंका होती, तरी बसवले. लोकांना कळलं तर माझं गॅरेज चालेल का? एक दुपार द्या, गुपचूप बदलून टाकते."

"नको," मामा घाईने म्हणाले. "मी असंच शिकलोय."

"कधी?"

मामा हळूच म्हणाले, "आज."

बाई त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांचे खांदे हलत होते, आणि मला आधी वाटलं की त्या रडतायत.

"मग राहू दे," शेवटी त्या म्हणाल्या. "पण पुढच्या रविवारी मंडप पुढे लावू."

"पुढे कशाला?" मामा म्हणाले. "बाजूला लावा."