दुपारनंतरचं टपाल

फेब्रुवारीतल्या एका दुपारी वरच्या वाडीच्या चढावर झ्लातिनाचा पाय बर्फावरून सटकला आणि ती उजव्या हातावर आदळली. मनगट काडकन वाजलं, ते तिचं तिलाच ऐकू आलं. खांद्यावरची टपालाची पिशवी मात्र तिनं भिजू दिली नाही. पिशवीत मानोलकाकांची पेन्शन होती आणि खाली शहरातून त्यांच्यासाठी घेतलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या.

रोडोपीच्या डोंगरातल्या त्या वाडीत आता मोजकी म्हातारी माणसं उरली होती. मानोलकाका त्यांतले एक, जन्मभर शिशाच्या खाणीत राबलेले. त्यांनी तिला हाताला धरून आत आणलं, चुलीपाशी बसवलं, घेवड्याचं सूप ढवळायचा लाकडी डाव मनगटाखाली धरला आणि लोकरीच्या मफलरनं करकचून बांधला.

"रड पोरी, खुशाल रड," ते म्हणाले. "ऐकायला आहे कोण इथं? मी अर्धा बहिरा आणि कुत्रं पुरतं."

झ्लातिना रडता रडता हसली. मग डाव्या हातानं तिनं त्यांची पेन्शन त्यांच्या हवाली केली, गोळ्या कधी घ्यायच्या ते पुन्हा एकदा सांगितलं आणि पाववाल्याच्या गाडीतून खाली गेली. दवाखान्यात हाताला प्लास्टर चढलं.

दुसऱ्या दिवशी क्रासिमिरा घरी आली, चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या गरम बानित्साचं ताट घेऊन. ती शहरातल्या टपाल कचेरीची प्रमुख. दोघी एकाच वर्षी नोकरीला लागल्या होत्या, एकाच छत्रीतून टपाल वाटत फिरल्या होत्या. पुढे क्रासिमिराला खुर्ची मिळाली आणि झ्लातिनाकडे डोंगर राहिला.

"हे बघ," क्रासिमिरानं अपघाताचा अर्ज टेबलावर पसरला, "वेळ सकाळची लिहायची. बाराच्या आतली."

"पण मी पडले दुपारी, जेवणं झाल्यावर."

"ते मला माहितीये गं. पण कागदावर तुझं काम बारालाच संपतं ना?"

ते खरंच होतं. शेजारच्या गावातलं टपालघर बंद झालं तेव्हा त्याच्या वाड्याही झ्लातिनाच्या गळ्यात पडल्या, आणि त्याच वर्षी वरून हुकूम आला की डोंगरातली टपालवाटपाची नोकरी आता अर्ध्या दिवसाची. काम दुप्पट झालं, पगार निम्म्यावर आला. बारानंतर ती जे चालायची ते कुणाच्याच हिशोबात नव्हतं. अपघातही बारानंतरचा, म्हणजे तिचा खाजगी. त्याची भरपाई नाही.

"सगळे असंच लिहितात," क्रासिमिरा म्हणाली. "मानोलकाकांशी मी बोललेय फोनवर. ते म्हणाले, 'कोंबडा आरवत होता तेव्हाच पडली, असं सांगतो.'"

झ्लातिनाचा नवरा रुसी दारात उभा होता. करवतीच्या कारखान्यात काम करून त्याची पाठ गेली होती. तो म्हणाला, "लिही ना. हात तुझाच मोडलाय. कुणाची चोरी करतेयस का?"

झ्लातिनानं अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला. बानित्सा निवत गेला. शेवटी ती म्हणाली, "सकाळी पडले असं लिहिलं, तर दुपारी मी तिथं नव्हतेच असं होतं. मग इतकी वर्षं दुपारी त्या वाडीवर कोण जात होतं? भूत?"

"अगं, हाताचे पैसे तरी मिळतील!"

"हाताचे मिळतील. पण दुपार मीच माझ्या सहीनं पुसून टाकली असं होईल, क्रासे."

क्रासिमिराचा चेहरा उतरला. "आणि माझं काय? दर महिन्याला तुझ्या हजेरीवर 'बाराला काम संपलं' म्हणून सही कोण करतं? तू खरं लिहिलंस की पहिला जाब मला विचारतील."

"माहितीये मला," झ्लातिना हळूच म्हणाली. "म्हणूनच रात्रभर झोप नाही."

तिनं डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरांत, दुपारची वेळ लिहिली. क्रासिमिरानं अर्ज उचलला आणि कॉफी न घेताच निघून गेली.

अर्ज नामंजूर झाला. झ्लातिनानं कामगार निरीक्षकाकडे तक्रार केली. तोवर अर्ध्या पगारात डोंगर चढायला दुसरं कुणी तयार होईना. वाड्यांवरच्या म्हाताऱ्या पेन्शनसाठी पाववाल्याच्या गाडीत पावांच्या क्रेटांच्या मधे अंग चोरून बसून शहरात जाऊ लागल्या. काहीजणी झ्लातिनावर चिडल्याही. "तिच्या हट्टापायी आमची कंबर मोडली," असं एकीनं दुकानात सगळ्यांसमोर सुनावलं. ते रुसीच्या कानावर आलं, पण घरी येऊन त्यानं सांगितलं नाही. झ्लातिनाला ते दुसरीकडून कळायचं ते कळलंच.

बर्फ वितळल्यावर निरीक्षक आला. देयान त्याचं नाव, चाळिशीचा, शहरी बूट घातलेला, अबोल. तो म्हणाला, "मला हा रस्ता चालून बघायचाय. तुम्ही नेहमी चालता तसंच चाला, माझ्यासाठी थांबू नका."

हात अजून झोळीत होता, पण झ्लातिना चालली. दारोदार गप्पा, विजेच्या बिलांचे पैसे, कुणाची सुईत दोरा ओवून देण्याची विनवणी. दुसऱ्या गावच्या पाणवठ्यावर पोचले तेव्हा चर्चच्या घंटेनं बाराचे ठोके दिले.

"साहेब, झालं माझं काम," ती म्हणाली. "कागदाप्रमाणे मी आता घरी. वरची वाडी राहिलीये. जायचं?"

देयान ओंजळीनं पाणी प्यायला, त्यानं वर जाणाऱ्या पायवाटेकडे पाहिलं आणि बुटाच्या नाड्या पुन्हा घट्ट बांधल्या.

मानोलकाका अंगणात लाकडं रचत होते. देयाननं विचारलं, "काका, ह्या पडल्या तेव्हा किती वाजले होते?"

काकांनी दिलेला शब्द पाळला. "पहाटेच! माझा कोंबडा आरवत होता!"

झ्लातिनाच्या आत्ता लक्षात आलं. अर्जात दुपारच लिहिल्याचं काकांना कुणी कळवलंच नव्हतं!

"पण त्या स्वतःच दुपारी म्हणतात," देयान म्हणाला.

"तिचं काय ऐकता? हात मोडल्यावर माणसाला वेळ कळते होय?"

"काका," झ्लातिना त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "खरं सांगा. मी खरंच लिहिलंय."

मानोलकाकांनी तिच्याकडे पाहिलं, मग साहेबाकडे, मग कोंबड्याकडे. "तसा तो म्हातारा झालाय," ते म्हणाले. "दुपारचाही आरवतो मेला. ती पडली तेव्हा दुपारचं सूप चुलीवर होतं माझं. आता बसा दोघं, आजही तेच केलंय, वाढतो."

देयानला हसू आवरेना. त्यानं दोनदा सूप मागून घेतलं. परत निघताना तो एवढंच म्हणाला, "उद्या माझे पाय मला शिव्या घालणार."

उन्हाळ्याच्या तोंडाशी निकाल आला. अपघात कामावरचा ठरला, भरपाई मिळाली. झ्लातिनाची नोकरी सहा तासांची झाली. मागच्या वर्षांच्या दुपारांचं मात्र काहीच मिळालं नाही. ते आता सिद्ध करता येत नाही, असं सांगण्यात आलं. आणि क्रासिमिराला खोट्या हजेरीबद्दल लेखी ताकीद मिळाली.

सारा उन्हाळा क्रासिमिरा तिच्याशी कामापुरतं बोलली. सकाळी पिशवी पुढे सरकवायची, सही घ्यायची, मान खाली.  झ्लातिनानं माफी मागावी, तर जे केलं ते चुकलं असं तिला वाटत नव्हतं. एकदा तिनं घरच्या प्लमचा मुरंबा काउंटरवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तिथंच होता. तिसऱ्या दिवशी नव्हता.

सप्टेंबर संपताना हजेरी भरायची वेळ आली. कचेरीत दोघीच होत्या. क्रासिमिरानं चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "सहा तासांत होतं का?"

"खरं सांगू?"

"नाहीतर विचारलं कशाला?"

"सात लागतात. वरच्या वाडीचा दिवस असला तर जास्तच."

क्रासिमिरानं पेन तिच्यापुढे केलं. "मग सात लिही," ती म्हणाली. "मी सही करते. काय व्हायचं ते होऊ दे."

झ्लातिनानं सात लिहिलं. क्रासिमिरानं खाली सही केली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि म्हणाली, "चल, कॉफी टाकलीये. पिऊन जा. आज तसाही वर पाऊस असेल."