कंबर पन्नास, बाही बारा

टेलरमास्तरांची बायको सैन्यात भरती झाली, तेव्हा मास्तरांचं सांत्वन करायचं की अभिनंदन, हे ठरवायला गल्लीला चार दिवस लागले. मास्तरांनी दोन्ही घेतलं. सांत्वनाला आलेल्यांना चहा पाजला आणि अभिनंदनाला आलेल्यांच्या घरी जाऊन प्यायला.

बायकोचं लाडाचं नाव कात्री. जीभ तशी चालायची म्हणून मास्तरांनीच ठेवलेलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. दुकानात ती काजं-बटणं करायची, मापं वहीत उतरवायची आणि रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मैदानाला दहा फेऱ्या मारून यायची. एक दिवस भरतीची जाहिरात घेऊन आली नि म्हणाली, "वयाची अट संपायला पाच महिने राहिलेत. जाऊ?"

मास्तर सुईत दोरा ओवत होते. तीनदा चुकला. चौथ्यांदा ओवला गेला तेव्हा म्हणाले, "जा. पण काजं कोण करणार?"

"आई करेल," कात्री म्हणाली.

अशा रीतीने सासूबाई जावयाच्या घरी राहायला आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी एका शर्टाला बटणापेक्षा लहान काजं केली आणि तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला, "जरा जोर लावावा माणसानं," असं वर सुनावलं.

प्रशिक्षण नऊ महिन्यांचं. छावणीत फोनला बंदी, फक्त पत्रं, आणि तीही उघडून वाचली जायची. हे काम कात्रीच्या तुकडीला कवायत शिकवणाऱ्या उस्तादबाईंकडे होतं. मास्तरांना हे माहीत नव्हतं. त्यांनी पहिलं पत्र मनापासून लिहिलं. त्यात उशीचा उल्लेख होता, रिकाम्या खुर्चीचा होता आणि "माझी साखरेची गोणी" असंही एका ठिकाणी होतं. उस्तादबाईंनी पत्र वाटताना गंभीर चेहऱ्याने विचारलं, "साखरेची गोणी कोण आहे? पुढे ये." तुकडीतल्या एकोणचाळीस पोरी पुढचा आठवडाभर कात्रीला पाठीवर घ्यायचं नाटक करत होत्या.

कात्रीचं उत्तर दोन ओळींचं आलं. "पत्रं वाचली जातात. इथून पुढे फक्त दुकानाचं लिहा. एका गिऱ्हाइकाची मापं वहीत चढवायची राहिली होती, ती कळवते. गळा बावीस, कंबर पन्नास, बाही बारा."

मास्तरांनी ते वाचलं आणि हसता हसता त्यांच्या तोंडातली टाचणी गिळायची वेळ आली.

त्याचं असं होतं. गिऱ्हाइकासमोर एकमेकांशी बोलता यावं म्हणून नवराबायकोंनी दुकानात मापांची एक भाषाच करून ठेवली होती. मास्तर टेप लावून मोठ्याने माप सांगायचे, कात्री लिहायची, आणि मधेच एखादं भलतंच माप यायचं. कंबर पन्नास म्हणजे समोरचा माणूस स्वतःला फार शहाणा समजतो. बाही बारा म्हणजे हा बोलून बोलून डोकं खाणार, लवकर हलायचा नाही. आणि गळा बावीस म्हणजे जरा पडद्यामागे ये, काम आहे. काम काहीच नसायचं.

मग काय, पत्रं धडाधड सुरू झाली. मास्तर लिहायचे, "इकडे काजं करणाऱ्या बाईंची कंबर पन्नासची पंचावन्न झाली आहे." सासूबाई शेजारी बसून विचारायच्या, "कोण हो ही बाई?" मास्तर म्हणायचे, "आहे एक जुनं गिऱ्हाईक, आई." कात्री लिहायची, "त्या गिऱ्हाइकाची बाही रोज पहाटे पाचला बारा होते आणि संध्याकाळी सहापर्यंत बाराच राहते."

सातव्या आठवड्यात मात्र जे पत्र आलं, त्यात विनोद नव्हता. अक्षर वाकडं होतं. "गळा बावीस. गळा बावीस. टाचेला फोड आलेत, पण ते दुकानाचं नाही म्हणून लिहीत नाही. गळा बावीस." बस, एवढंच.

मास्तरांनी त्या दिवशी दुपारीच दुकान बंद केलं. "सोडून दे सगळं, ये घरी" असं चांगलं दोन पानी पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, चिकटवलं. मग टपालपेटीपर्यंत जाऊन उभे राहिले. ही बया सहा वर्षं दहा-दहा फेऱ्या मारत होती ती घरी येण्यासाठी नक्कीच नाही, हे त्यांना कळत होतं. आणि कळत असूनही पाकीट हातातून सुटत नव्हतं. शेवटी ते तसेच परत आले, पाकीट फाडलं, त्या दोन पानांवर खडूने खिशाचा आकार काढला आणि नमुना म्हणून कापून ठेवला. दुसरं पत्र लिहिलं: "गळा इकडेही बावीसच आहे, त्यात तसूभर फरक नाही. पण कोट पूर्ण झाल्याशिवाय गिऱ्हाइकाने दुकानातून जायचं नाही. टाचेला आतून मऊ कापडाची दुहेरी पट्टी लावावी, म्हणजे शिलाई टोचत नाही." सोबत तशा दोन पट्ट्या शिवून पाठवल्या.

पट्ट्या पोचल्या. पण नेमक्या ह्याच पत्राने घात केला. कोटाला टाच कशी, म्हणून उस्तादबाईंनी सगळी पत्रं ओळीने मांडली. पहाटे पाचला बाराची होणारी बाही त्यांना पहिल्यापासून खटकत होती. त्यांनी मापं उतरवून छावणीच्या म्हाताऱ्या शिंप्यापुढे टाकली. म्हाताऱ्याने चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाला, "बाई, हे माणसाचं माप नाही. हा रांजण आहे. हात फुटलेला."

आठ दिवसांत मास्तरांना मेजरबाईंच्या सहीचं पत्र आलं. कुटुंबभेटीच्या रविवारी हजर राहावं. पत्रांत उल्लेख असलेला कोट, त्याच मापांत शिवून, सोबत आणावा. जमल्यास गिऱ्हाईकही आणावं.

"आता?" सासूबाईंनी विचारलं. तोवर त्यांना सगळं सांगावंच लागलं होतं, फक्त पंचावन्न कंबर कुणाची ते सोडून.

"आता कोट शिवायचा," मास्तर म्हणाले. "कापड चांगलं वापरू. छावणीत इज्जतीचा प्रश्न आहे."

कोट झाला. सासूबाईंनी त्यात डोकं घालून पाहिलं आणि आतूनच म्हणाल्या, "जावईबापू, माझी बहीणही मावेल हो इथे."

रविवारी मास्तर छावणीत पोचले. मैदानाच्या कडेला घरची मंडळी पोरींना बिस्किटं भरवत होती, पण मास्तरांना थेट कचेरीत नेलं. शेजारच्या खोलीत कात्री होती. दाराच्या फटीतून तिचं कोपर तेवढं दिसलं. ते कोपर बारीक झालं होतं.

मेजरबाई शांत आवाजात म्हणाल्या, "बसा. कंबर पन्नास म्हणजे काय?"

मास्तरांनी मागे उभ्या असलेल्या उस्तादबाईंकडे एक नजर टाकली. "म्हणजे मॅडम, समोरच्या व्यक्तीबद्दल मनात अपार आदर आहे."

मेजरबाईंनी ते लिहून घेतलं आणि शेजारच्या खोलीत गेल्या. पाच मिनिटांनी परत आल्या. "तुमची बायको म्हणते, कंबर पन्नास म्हणजे इथे पोटभर जेवायला मिळतं."

मास्तरांनी घसा खाकरला. "दोन्ही खरंच आहे, मॅडम."

"त्यांना आत बोलवा," मेजरबाई म्हणाल्या.

कात्री आत आली, खाड्कन उभी राहिली आणि समोरच्या भिंतीकडे बघू लागली. नवऱ्याकडे नाही. पण तिची हनुवटी थरथरत होती. सहा वर्षं संसार केलेल्या माणसाला ते रडू नाही, हसू आहे, हे कळायला वेळ लागला नाही. आणि ते कळल्यावर मास्तरांचा धीर सुटला. त्यांनी सगळं सांगून टाकलं. दुकान, टेप, पडदा, पन्नास, बारा, बावीस. साखरेच्या गोणीपासून सुरुवात केली, म्हणजे दोष उस्तादबाईंकडे थोडा सरकेल असा त्यांचा अंदाज होता.

मेजरबाईंनी पेन खाली ठेवलं. "माझं माप काय लिहिलंय?"

"तुमचं अजून घेतलेलं नाही, मॅडम."

मेजरबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

मागे उभ्या असलेल्या उस्तादबाई मात्र आता पुढे आल्या. "कंबर पन्नास मला मान्य आहे," त्या म्हणाल्या. "शिकवायचं म्हणजे तेवढं शहाणं समजावंच लागतं. पण बाही बारा का? मी कुठे जास्त बोलते?"

कात्री भिंतीकडेच बघत म्हणाली, "रोज पहाटे पाचला, उस्ताद."

शिक्षा तिथल्या तिथे ठरली. कात्रीने तो कोट घालून मैदानाला पाच फेऱ्या मारायच्या. आणि मास्तरांनी? तुकडीतल्या पोरींना मिळालेल्या पँटी पुरुषांच्या मापाच्या होत्या. चाळीसच्या चाळीस पोरी कमरेला पिना लावून कवायत करत होत्या. त्या सगळ्या पँटी मास्तरांनी आजच्या आज नीट करून द्यायच्या, आणि फेऱ्या संपल्या की कात्रीने हाताखाली बसायचं.

कात्री धावली. बाराच्या बाह्या कोपराशीच संपत होत्या, कंबर वाऱ्याने फुगत होती आणि गळा एका खांद्यावरून घसरत होता. मैदानाभोवतीचे आई-वडील, भावंडं, सगळी उठून उभी राहिली. तिसऱ्या फेरीला टाळ्या सुरू झाल्या. मास्तर शिलाईखोलीच्या खिडकीतून बघत होते. गल्लीत धावायची तेव्हा ती छान धावायची; आता ती धावताना जमीनच तिच्या मापाची बेतल्यासारखी वाटत होती. त्यांना आनंद झाला आणि पाठोपाठ सुईत ओवायचा दोरा तीनदा चुकला.

बाकीच्यांना भेटीला एकच तास होता. ह्या दोघांना शिक्षा म्हणून दुपारभर मशीन मिळालं. ती उसवायची, ते शिवायचे. म्हातारा शिंपी दाराशी देखरेखीला बसला होता आणि मन लावून पेंगत होता.

"त्या सातव्या आठवड्यात," कात्री उसवता उसवता म्हणाली, "तुम्ही 'ये' म्हणाला असतात ना, तर मी त्याच दिवशी आले असते."

"माहीत होतं."

"मग लिहिलं का नाही?"

"लिहिलं होतं," मास्तर मशीनचा पायटा हलवत म्हणाले. "पोस्टात टाकलं नाही. त्या कागदाचा खिसा झालाय, चांगला झालाय."

कात्रीने हातातली पँट खाली ठेवली, उठली आणि त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकून उभी राहिली. मशीन थांबलं. दारातल्या म्हाताऱ्याने एक डोळा उघडला, बघितलं आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली.

"आई कशी आहे?" तिने तसंच विचारलं.

"काजं सुधारलीत. आता एखादं काज करायचं विसरतात, बटणं शिल्लक राहतात."

पाचची शिट्टी झाली तेव्हा चौतीस पँटी घडी करून तयार होत्या. उस्तादबाई मोजायला आल्या. "चाळीस सांगितल्या होत्या, मास्तर."

"कापड जाड आहे, उस्ताद," मास्तर चेहरा पाडून म्हणाले. "घाईत टाका वाकडा गेला तर छावणीचंच नाव जायचं. उरलेल्या सहा पुढच्या कुटुंबभेटीला येऊन करतो."

उस्तादबाईंनी म्हाताऱ्या शिंप्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं सुई धरलेल्या त्या माणसाला सहा पँटींना किती वेळ लागतो, हे ठाऊक होतं. त्याने एक पँट उचलली, उजेडात धरली, उलटीपालटी केली.

"कापड जाड आहे खरं," तो म्हणाला. "सहा म्हणजे दुपार जाईल."

उस्तादबाईंनी पुढच्या महिन्याच्या पासवर सही केली.